लोकरीचा कुरळेपणा काय सांगतो?

मेंढरं कातरायला बसलं की आपण लोकरीचं वजन बघतो, रंग बघतो. पण एक चिमूट लोकर उन्हात धरून कधी नीट न्याहाळली आहे का? तिच्यात बारीक लाटा दिसतील. हाच लोकरीचा कुरळेपणा.

केसाच्या दोन बाजूंच्या पेशी सारख्या नसतात. एका बाजूच्या लांब, दुसरीच्या आखूड. म्हणून केस वाढतानाच वळत जातो. मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीत इंचाला वीसवर लाटा असतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, त्यात पोकळ गाभ्याचे केसही बरेच. म्हणून लाटा थोड्या. त्यातल्या त्यात जावळाची लोकर मऊ.

या लाटांमध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब देते. ओला केस ताणून वाळवला तर तो सरळ होतो. पुन्हा भिजवून मोकळा सोडला की मूळ वळणावर येतो. घरी करून बघा.

विणताना सूतही वळतं. ताण्याचा धागा बाण्याच्या वर-खाली जातो, म्हणून दहा हात ताण्यातून दहा हात घोंगडी निघत नाही. हे सणगराला सांगावं लागत नाही; चिंचोक्याची खळ लावण्याआधीच त्याने जादा ताणा धरलेला असतो.

आता कामाची गोष्ट. खाण्यातून तांबं कमी पडलं, तर लोकरीच्या लाटा जातात आणि ती तारेसारखी ताठ येते. काळ्या मेंढीची लोकर फिकी पडते. नुसती टोकं तांबूस असतील तर ते उन्हाने झालेलं असतं, त्याची काळजी नको. पण मुळाशी, कातडीलगत रंग उतरलेला आणि केस ताठ दिसला, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

मात्र मनाने मोरचूद पाजू नका. गाई-म्हशींचं क्षारमिश्रणही मेंढीला घालू नका. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. कमी पडलं तर लोकर जाते, जास्त झालं तर मेंढरूच जातं. योग्य उपचार झाला, की पुढे वाढणाऱ्या लोकरीत लाटा पुन्हा दिसू लागतात.

तेव्हा पुढच्या कातरणीला प्रत्येक मेंढीची चिमूटभर लोकर बघा. तिला बोलता येत नाही, पण तिची लोकर बोलते.