प्याद्याचा भाव किती?

एप्रिल १९९५, रिगा. मिखाईल ताल स्मृती स्पर्धेत गॅरी कास्पारोवच्या पंचविसाव्या चालीनंतर विश्वनाथन आनंदने डाव सोडला, तेव्हा त्याच्याकडे दोन प्यादी जास्त होती! बाकी बळ बरोबरीचं.

कास्पारोवने इव्हान्स गॅम्बिट काढलं होतं. एका वेल्श जहाजाच्या कप्तानाने १८२० च्या दशकात शोधलेलं हे ओपनिंग अव्वल स्पर्धांतून केव्हाच बाद झालं होतं. चौथ्याच चालीला एक प्यादं काळ्या उंटाच्या तोंडी द्यायचं. त्याने ते मारलं की दुसऱ्या प्याद्याने त्याला हुसकायचं आणि तो जागा शोधेपर्यंत पटाचा मध्य बळकावायचा.

म्हणजे प्यादं देऊन वेळ विकत घ्यायचा. तो कुठे गेला, ते आनंदच्या चालींत दिसतं. पहिल्या सोळांपैकी नऊ चाली घोड्यांनीच खाल्ल्या. तो उंट तर चार चाली हिंडून एकविसाव्या चालीला आपल्या मूळ घरात परतला. दोन्ही हत्ती शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, कॅसलिंगही राहूनच गेलं.

या सौद्याचा दर गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० मध्येच मांडला होता. संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवावं, यावरच्या त्याच्या निबंधात वजिराला ९, हत्तीला ५, उंट-घोड्याला ३ आणि प्याद्याला १ गुण आहे. शिवाय खेळता येण्याजोग्या प्रत्येक चालीला ०.१. थोडक्यात, दहा जादा चाली म्हणजे एक प्यादं. अंदाज ढोबळ आहे, हे शॅननही जाणून होता. माझ्या मते खरी अडचण वेगळीच: गॅम्बिटचा नफा नाशवंत असतो. प्रतिस्पर्ध्याने मोहरी बाहेर काढून राजा सुरक्षित केला की वेळेची आघाडी विरते, गेलेलं प्यादं मात्र गेलेलंच राहतं. नाशवंत मालाला कायमचा दर कसा लावणार?

२०१७ मध्ये आलेल्या अल्फाझीरो या संगणक-प्रणालीला असा कुठलाच दर दिलेला नव्हता. फक्त नियम सांगितले. बाकी तो स्वतःशीच खेळून शिकला. त्याचं न्यूरल नेटवर्क पटाचं मूल्य उणे एक ते अधिक एक यांमधल्या एकाच आकड्यात मांडतं: डावाचा अपेक्षित निकाल. अशा हिशोबात प्याद्याला स्वतंत्र भाव उरत नाही, आणि अल्फाझीरो प्यादी बिनदिक्कत सोडतो. त्याची खुली, गतिमान शैली आपल्यासारखीच आहे हे पाहून बरं वाटलं, अशी कबुली कास्पारोवने २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दिली.