विल्हेल्मातील तरंगत्या पराती

जर्मनीत श्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयात राजा पहिला विल्हेल्म याच्या काळातील मूरिश शैलीची बाग आजही जपली आहे. वसंतात तिथे मॅग्नोलिया बहरतात. पण उन्हाळ्यात नजर खिळते ती तळ्यातल्या व्हिक्टोरिया वॉटरलिलीवर. मूळ दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीला थंडी सोसत नाही, म्हणून तळ्याचे पाणी गरम ठेवतात. परातीसारखे उभ्या काठाचे तिचे पान दीड मीटरहूनही अधिक रुंद होऊ शकते. खालच्या बाजूला जाड शिरा आणि टोकदार काटे असतात. फुलाची करामत तर विलक्षणच. पहिल्या रात्री ते पांढरे, सुगंधी उमलते. मायदेशी ते मिटताना भुंगेऱ्यांना आत कोंडते आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होऊन परागकणांसह सोडते. मग फूल पाण्याखाली जाते. बिया तिथेच पिकतात.