तेराच्या तेरा मॅच जिंकूनही बाहेर!

'बाऊल' म्हणजे वाटी, आणि तिच्यात काय पडतं ते आपण मेसमध्ये रोज बघतोच. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र बाऊल म्हणजे सीझन संपल्यावरची खास मॅच. वाटीच्या आकाराच्या स्टेडियमवरून हे नाव पडलं. (फुटबॉल म्हणजे त्यांचा, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा. आपला नव्हे!) अशी पहिली मॅच १९०२ साली कॅलिफोर्नियात पासाडेनाला झाली आणि मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं.

आता या मॅचला टीम निवडतात कशा? नियम सोपा आहे. सीझनच्या १२ मॅचपैकी निदान ६ जिंका, म्हणजे तुम्ही पात्र. कधी कधी पात्र टीमच कमी पडतात. मग ५ जिंकलेल्यांना घेतात, तेही ज्यांच्या खेळाडूंची अभ्यासात प्रगती चांगली त्यांना आधी. आहे की नाही गंमत!

पण पात्र होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. प्रत्येक बाऊलचे आयोजक स्वतंत्र असतात आणि त्यांचे कॉलेजांच्या गटांशी, म्हणजे कॉन्फरन्सशी, करार असतात. आपला नंबर आला की आयोजक बघतात, कुठल्या कॉलेजचे लोक गाड्या भरून येतील, हॉटेलं भरतील आणि टीव्हीवर कोण चालेल. पॉइंट टेबल नंतर!

खरी भांडणं होतात ती नॅशनल चॅम्पियन कोण यावरून. १९९८ ते २०१३ या काळात पत्रकार-कोचेसची मतं आणि कॉम्प्युटरचे रँक एकत्र करून फायनलच्या दोन टीम ठरायच्या. २००३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया माणसांच्या दोन्ही यादींत पहिली होती, पण फॉर्म्युल्याने तिला तिसरी ठरवलं. फायनलला गेली ओक्लाहोमा, जी नुकतीच कॅन्सस स्टेटकडून ३५-७ हरली होती. एवढी बोंबाबोंब झाली की पुढच्याच वर्षी फॉर्म्युला बदलावा लागला.

२०१४ पासून कॉम्प्युटर गेला आणि १३ जणांची कमिटी आली. ती चार टीम निवडायची. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकली, तरी बाहेर! कारण काय, तर तिचा मुख्य खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी होता, म्हणजे टीम आता तेवढी भारी राहिली नाही असं कमिटीचं म्हणणं. एक मॅच हरलेली अलाबामा मात्र आत. पुढे ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ तुडवलं, तेव्हा लोक म्हणाले, बघा, कमिटी बरोबर होती. मला नाही पटत. त्या मॅचला टीममधले कितीतरी खेळाडू उतरलेच नव्हते. आणि जिंकलेल्या मॅच मोजायच्याच नसतील तर खेळायचं कशाला? फॉर्म्युला चुकला तर निदान कुठे चुकला ते तरी दाखवता येतं.

२०२४ पासून चारच्या जागी बारा टीम घेतात. त्यात पाच जागा कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना राखीव, उरलेल्या सात पुन्हा कमिटीच्या रँकप्रमाणे. त्यामुळे भांडण आता पाचव्या नंबरावरून तेराव्यावर सरकलंय, आणि बाकीच्या बाऊलमध्ये अजून तोच करार अन् तीच हॉटेलं.