ताबा दोघांचा, बातमी एकाकडे

माझा मुलगा जळगावला आईजवळ राहतो, शाळाही तिथलीच. मी धुळ्याला, देवपुरात. कागदावर ताबा संयुक्त. शनिवारी दुपारी पारोळ्यामार्गे एसटीनं मी त्याला आणतो, रविवारी संध्याकाळी पोचवतो. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, श्रावणात कानबाईला तो आमच्याकडे. हे सगळं घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीच्या अटींत, लिहिलंय आणि ते पाळलंही जातं. अडतं ते न लिहिलेल्या गोष्टींवर.

त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला हे मला नव्या काचा बघून कळलं. पालकसभा होऊन गेल्यावर कळते. एकदा आठवडाभर ताप होता, डेंग्यूची तपासणीही झाली. मला पत्ता लागला तो शनिवारी, उतरलेल्या चेहऱ्याचं पोरगं दारात बघून. गोळ्यांची पट्टी दप्तरात, पण सकाळचा डोस झाला की राहिला, हे त्यालाही सांगता येईना. इथे रुसव्याफुगव्याचा प्रश्न राहत नाही, पोराच्या जिवाशी गाठ असते.

तिची बाजू मला कळते. रोजचा डबा, गृहपाठ, जागरण तिच्या वाट्याला. त्यावर दर आठवड्याला मला अहवालही द्यायचा, हे जाचणारच. आणि 'का कळवलं नाहीस?' असा फोन केला की पोराचा ताप बाजूला राहतो, जुनं उणंदुणं निघतं. म्हणून मी तिच्याकडे बातमी मागणंच कमी केलं. बातमी जिथे तयार होते तिथेच गेलो.

न्यायालयाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडून मुख्याध्यापकांना अर्ज दिला: दोन्ही पालकांचे मोबाइल नंबर नोंदवावेत, सूचनांच्या ग्रुपमध्ये दोघांना घ्यावं, प्रगतिपुस्तकाची प्रत मिळावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. पोराची फाइल आता त्याच्याबरोबर दप्तरातून ये-जा करते. तिला विचारायचं ते मेसेजवर, एका वेळी एकच गोष्ट. त्यात तारीख राहते आणि आवाज चढत नाही. मुलाकडून मात्र काही काढून घ्यायचं नाही. 'मम्मी काय म्हणाली?' हा प्रश्न मी घरात बंद केला, त्याच्या आजीलाही.

कायदा इथे तोकडा आहे. 1890 चा पालक व पाल्य अधिनियम आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, दोन्हींत संयुक्त ताब्याची व्याख्या नाही. विधी आयोगानं मे 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, मुलाच्या शाळेच्या नि दवाखान्याच्या नोंदी दोन्ही पालकांना मिळाव्यात याचाही विचार केला. सर्वोच्च न्यायालयानं 20 जानेवारी 2020 च्या निकालात सांगितलं, की ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाचदहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. पण चष्म्याचा नंबर कोणी कोणाला कळवायचा, हे शेवटी आपल्याच कागदात लिहावं लागतं.

तो कागद बदलता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांचा ताबा, पालनपोषण, शिक्षण यांबाबतचा हुकूम घटस्फोटानंतरही अर्ज करून बदलून घेता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे आधी समुपदेशकांकडे जावं. चुकलेल्या पालकसभेसाठी अवमानाची नोटीस धाडणारे वकीलही भेटतील. माझ्या मते तो पैशाचा नि सलोख्याचा नास आहे. लपवाछपवी दवाखान्यापर्यंत पोचली असेल, तर मात्र अर्जाला उशीर करू नये. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना सहसा असते. हेल्पलाइनचा नंबर 15100.

ज्यांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत, त्यांनी वारांच्या नि सुट्ट्यांच्या वाटणीखाली आणखी एक कलम घालून घ्यावं: आजारपण त्याच दिवशी, शाळेची सूचना चोवीस तासांत, शाळा किंवा डॉक्टर बदलायचा तर आधी. वकील म्हणतील, एवढं कोणी लिहीत नाही. तरी लिहून घ्या.