तरुणांचे प्रजनन आरोग्य (लेखांक 6) : नोंदवहीबाहेरचे विद्यार्थी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महाविद्यालयांत पदवीचे शिक्षण घेणारे बहुतेक विद्यार्थी 18 ते 21 वर्षांचे आणि अविवाहित असतात. प्रजनन आरोग्याच्या सरकारी सेवा मात्र वेगळ्याच दोन गटांसाठी आखलेल्या आहेत. 2014 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 या वयासाठी आहे. त्याचे समुपदेशन ‘मैत्री क्लिनिक’मध्ये होते. गावपातळीवरचे कुटुंबनियोजन पात्र जोडप्यांच्या नोंदवहीवर चालते आणि तिच्यात विवाहितांचीच नावे असतात. विशीतली अविवाहित मुलगी दोन्हींतून सुटते. आशाताई तिच्या घरी येतात त्या वहिनीची चौकशी करायला.

माहितीचेही तसेच. प्रजननसंस्था दहावीच्या विज्ञानात येते. पुढे कला किंवा वाणिज्य शाखेला गेलेल्यांचा विषयाशी संबंध तिथेच संपतो. गर्भनिरोधक साधनांची नावे कानावरून गेलेली असतात, पण कोणते कधी वापरायचे हे कोणी सांगितलेले नसते. ‘पाळीनंतरचे दिवस सुरक्षित’ हा समज त्यातूनच टिकतो. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी बाहेर पडते, म्हणजे पाळी अनियमित असेल तर तो दिवस आधी ओळखता येत नाही. शिवाय शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

सर्वांत घातक गोंधळ दोन गोळ्यांचा आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारी तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यायची असते. ती बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. गर्भपाताची औषधे निराळी. ती 9 आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, कारण अतिरक्तस्राव झाल्यास किंवा गर्भ नळीत असल्यास जिवावर बेतते.

गर्भपाताचा कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही 20 आठवड्यांपर्यंत लागू झाले. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीतूनही तिला वगळता येणार नाही, असे स्पष्ट केले. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची संमती पुरते. तिचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. ही एवढी बाब जरी प्रत्येक वर्गात सांगितली गेली, तरी अनेक मुली भोंदूच्या दारात जाण्यापासून वाचतील.

शिरूर आणि न्हावरे येथे ग्रामीण रुग्णालय आहे, यवतलाही आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय. अडते ते केसपेपरच्या खिडकीपाशी. तालुक्याच्या गावात तिथे ओळखीचे कोणीतरी भेटतेच, आणि पुणे सुमारे 70 किलोमीटर दूर. यातून वाट काढण्याचे उदाहरण शिरूर तालुक्यातच आहे. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देऊन काम उभे केले. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाविद्यालयांत ती पद्धत आणायची तर एचआयव्ही-जागृतीसाठीचा विद्यार्थ्यांचा रेड रिबन क्लब हा तयार मार्ग आहे. एचआयव्हीविषयी शंका असल्यास 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य होते आणि तिचा अहवाल गोपनीय राहतो.