कानातली नळी आणि मामाची विहीर

‘अगं, त्याच्या कानात नळी बसवलीय ना? मग पोहायला कसं पाठवतेस?’ गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंपासून भिशीतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारलं. खरं सांगू? एप्रिलपर्यंत मीही हेच म्हणत होते.

सुरुवात झाली ती शाळेतून. लेक दुसरीत. बाईंची तक्रार, ‘लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाही.’ घरीही तेच. टीव्ही मोठ्याने लावायचा आणि तीन-तीन हाका मारल्या तरी ढिम्म! एकदा रागाच्या भरात मी पाठीत धपाटा घातला. कान दुखत नव्हता, वाहत नव्हता, त्यामुळे कानाची शंका आलीच नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साठलंय. पोराला ऐकूच कमी येत होतं आणि मी त्याला उर्मट समजत होते. तो धपाटा आठवला की अजून पोटात तुटतं.

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नलिका जाते. तिच्यातून पडद्यामागे हवा खेळते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, सर्दीने किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या की बंद पडते आणि आत पाणी साठतं. बऱ्याच मुलांचं हे दोन-तीन महिन्यांत आपलं आपण निवळतं. आमचं निवळलं नाही. जानेवारीत भूल देऊन पडद्याला बारीकशी चीर दिली, पाणी ओढून काढलं आणि तिथे ग्रोमेट बसवलं. ग्रोमेट म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान नळी. साधारण सहा महिने ते दीड वर्षात ती आपोआप गळून पडते. घरी येताना लेक म्हणाला, ‘आई, रिक्षा केवढ्यांदा ओरडते गं!’ मी पदरात तोंड लपवून रडून घेतलं.

मग उन्हाळा आला. नगरपालिकेच्या तलावावर गल्लीतली सगळी पोरं जायला लागली. माझं एकच पालुपद, पाणी नको. पडद्याला भोक आहे म्हणजे पाणी सरळ आत जाणार, असं माझं गणित. आंघोळीलाही मी कानावर हात धरून बसायची. फेरतपासणीला गेले तेव्हा डॉक्टर मॅडम हसल्याच. म्हणाल्या, ‘अहो, भोक एक मिलिमीटरच्या आसपास. वरवर पोहताना पाणी सहजी त्यातून आत जात नाही.’ अमेरिकेत २००५ साली ग्रोमेट बसवलेल्या २०१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काहींनी पाण्यात कानात बोळे घातले, काहींनी नाही. कान वाहण्यात फरक पडला, पण अगदी थोडा. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितलं, सरसकट सगळ्या मुलांना बोळे लावायची किंवा पोहणं बंद करायची गरज नाही.

पण सरसकट नाही, म्हणजे कधीतरी आहे. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक भोकातून लवकर शिरतं, म्हणून साबण-शिकेकाईच्या पाण्यात डोकं बुडवून ठेवायचं नाही. खोल बुडी मारली की पाण्याचा दाब वाढतो. तळं, नदी, विहीर यांच्या पाण्यात क्लोरीन नसतं, घाण असते. ज्या मुलाचा कान वरचेवर वाहतो किंवा पाण्यात गेलं की दुखतो, त्यालाही जपायचं. अशा वेळी सिलिकॉनचे मऊ बोळे लावायचे, आणि ते निघू नयेत म्हणून वरून पट्टी. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन लावलं तरी भागतं. अर्थात ऑपरेशननंतर पाण्यात कधी उतरायचं, हे आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

झालं, तलाव सुरू झाला. उथळ बाजूला, सूर न मारता. महिनाभर काही झालं नाही.

मे महिन्यात माहेरी गेलो. मामाची विहीर आणि मामेभावांची टोळी! पाठीला डबा बांधून पायऱ्यांवरून उतर, एवढीच परवानगी दिली होती. मी स्वयंपाकघरात वळले आणि पठ्ठ्याने काठावरून मुटका मारला! तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग. कान वाहत होता.

आई लगेच लसूण घालून तेल कोमट करायला निघाली. आमच्या पिढीचे सगळ्यांचे कान तिने त्याच तेलावर वाढवले, तिचंही काय चुकलं? पण नळी असलेल्या कानात तेल म्हणजे थेट पडद्यामागे तेल. मी वाटी हातातून काढून घेतली. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ग्रोमेटच्या कानात चालणारे अँटिबायोटिक थेंब लिहून दिले. घरात पडलेली जुनी बाटली वापरू नका, असं बजावलं, कारण कानाचे काही थेंब नळीतून आत गेले तर ऐकण्यालाच धोका पोचवू शकतात.

थेंब घालायचीही रीत आहे. बाहेर आलेला स्राव कापसाने टिपायचा, आत काडी घालायची नाही. बाटली मुठीत धरून कोमट करायची, मुलाला कुशीवर निजवायचं, थेंब घातले की कानाच्या भोकापुढचा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबायचा, म्हणजे औषध नळीतून आत उतरतं. आठवड्यात कान कोरडा झाला. तोवर पाणी बंद. लेक विहिरीच्या काठावर बसून भावांचे मुटके मोजत होता आणि आई त्याच्या शेजारी बसून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होती, ‘आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या नळ्या.’

दिवाळीनंतर तपासणीत दोन्ही ग्रोमेट गळून कानातल्या मळात अडकलेली दिसली. पडदे भरून आले होते, ऐकण्याची चाचणीही ठीक आली. परवा मी सासूबाईंच्या कानात कुजबुजून लाडवांचा डबा कुठे लपवलाय ते सांगितलं. संध्याकाळी डब्यात दोनच लाडू उरले होते.