तेलभक्षक जीवाणूंना मक्याच्या कणसाचा आसरा

दिनांक ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदरानजीक 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. नारळी पौर्णिमा पंधरवड्यावर आलेली. पण लोकांनी मासळीकडे पाठ फिरविली. कोळीबांधवांच्या हंगामावरच हा घाला होता. किनाऱ्यावरील काळी रेती फावड्याने उचलता येते. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे कशी खरवडणार? खरवडली तर झाडच मरावयाचे.

अशा ठिकाणी सूक्ष्मजीवांचे साह्य घेता येते. तेल म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे होत. काही जीवाणू विकरांच्या योगाने या संयुगांत प्राणवायू घालतात. त्यांपासून प्रथम अल्कोहोल, मग मेदाम्ले आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. जीवाणूंच्या दृष्टीने हे निव्वळ जेवण आहे!

मात्र नुसते जीवाणू पाण्यात सोडल्यास ते लाटांबरोबर विखुरतात. म्हणून त्यांना एखाद्या आधारद्रव्यावर स्थिर करतात. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मण्यांत त्यांना कोंडता येते; पण मणी मोठा असल्यास आतील जीवाणूंपर्यंत प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने याहून साधा आधार शोधला. तेलाने माखलेल्या जमिनींतूनच निवडलेले जीवाणू तिने मक्याच्या कणसाच्या भुकटीवर वाढविले. दाणे काढल्यावर आपण जे फेकून देतो, तेच हे कणीस! 'ऑईलझॅपर' नावाचे हे मिश्रण पिशव्यांत भरून हवे तेथे नेता येते. मुंबईच्या तेलगळतीनंतरही त्याचा उपयोग करण्यात आला.

या संदर्भात डॉ. आनंद चक्रवर्ती यांच्या जनुकीय बदल केलेल्या जीवाणूचे नाव हटकून निघते. त्याच्या एकस्वाला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. प्रत्यक्ष सफाईचे काम मात्र निसर्गतः आढळणारे जीवाणूच करीत आले आहेत.

ही जादू नव्हे. हलके घटक लवकर संपतात; डांबरासारखे जड घटक दीर्घकाळ उरतात. जीवाणूंना नत्र व स्फुरद पुरवावे लागते. तेलकट माती वरचेवर नांगरून तिच्यात हवा खेळती ठेवावी लागते आणि तरीही काही महिने जातात. तिवरांच्या चिखलात नांगर चालविता येत नाही. तेथे वरच्या थराखाली प्राणवायू नसतोच. त्यामुळे खोल मुरलेले तेल वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. म्हणूनच तवंग खाडीत शिरण्यापूर्वी तरंगते अडसर टाकून तो अडविण्याला पहिले स्थान दिले जाते.